बजबजच्या आजींना माझ्या लेकीनं परस्पर मारून टाकलं

कोलकात्याजवळच्या बजबजला फिरायला म्हणून कोणी जात नाही. आम्हीही गेलो नसतो. शनिवारी सकाळी मी पोहे परतत होते, तेवढ्यात ऋचाला कुणाचा तरी फोन आला आणि पोरीचं तोंड पांढरं पडलं.

ऋचा माझी लेक. कॉलेजात इतिहास शिकते. कोलकात्यातल्या जुन्या मराठी कुटुंबांची वेबसाइट करतेय, तोच तिचा प्रोजेक्ट. म्हाताऱ्या माणसांना फोन करायचे, फोटो मागायचे, एकेकाचं पान करायचं. सोमवारी सरांना दाखवायचं होतं. फोनवर होते बजबजच्या सुधाआजींचे चिरंजीव. म्हणाले, "माझ्या जिवंत आईला तुम्ही मेलेली लिहिलंय. आमचं सगळं काढून टाका."

"आई, मी असं लिहिलंच नाही!" ऋचा रडकुंडीला आली. सुधाआजींचं पान तिच्या साइटवरचं सगळ्यात चांगलं. नदीकाठच्या तेल डेपोच्या क्वार्टरमध्ये मराठी बायका कशा राहायच्या, हे दुसऱ्या कुणीच सांगितलेलं नाही. ते पान गेलं तर सोमवारी दाखवणार काय, डोंबल?

फोनवर माफी मागून असलं काही मिटत नाही. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, चप्पल घाल.

सॉल्ट लेकहून मेट्रोनं सियालदा, तिथून साउथच्या फलाटावरून बजबज लोकल. तिकीट दहा रुपये, तासाभराचा रस्ता. तुम्हाला जायचं असेल तर ऑफिसची वेळ टाळा, खिडकी मिळते. गाडीत झालमुरीवाला, म्हणजे इथला भेळवाला, येतो. त्याला मोहरीचं तेल कमी घाल म्हणून आधीच सांगा, नाहीतर नाकातून वाफा निघतात. ऋचानं एक दाणा तोंडात घातला नाही. मी दोघींची खाल्ली. काळजी लागली की मला भूक जास्त लागते.

"दाखव बघू तुझी साइट," मी म्हटलं. आजवर पाहिली नव्हती. सगळी इंग्रजीत, आणि मी सातवीत शाळा सोडलेली. नुसते फोटो बघत गेले. एका फोटोत नाटकातली पोरगी, कमरेवर हात, हनुवटीवर हा एवढा तीळ.

"ही कोण?"

"कुसुम. मराठी मंडळाच्या जुन्या फोटोंमध्ये मिळाली. पुढे तिचा कुठेच पत्ता नाही. म्हणून लिहिलंय, बहुधा हयात नसावी."

"आता सुधाआजींचा फोटो काढ."

सुरकुत्यांमध्ये तोच तीळ.

"अगं घोडे, ही तीच आहे!"

"पण नाव वेगळं आहे ना."

"लग्नात बदललं असेल."

"आडनाव ना?"

"आडनाव आणि नावसुद्धा! माझं नाही का बदललं? मी माहेरची रत्नमाला. तुझ्या बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं सुनीता लिहिलं, झाले मी सुनीता."

ऋचा माझ्याकडे बघतच राहिली. "मला कधी सांगितलंच नाहीस."

"मामा ताई म्हणतो, तुझे बाबा अगं म्हणतात. सांगायची वेळ कुठे आली?"

तिचंही खरंच. इथे तिच्या बंगाली मैत्रिणींच्या आयांची आडनावं बदलतात, नावं तीच राहतात. पोरीला कळणार कुठून? पण चूक सापडून माझा जीव काही खाली पडला नाही. उलट आता पक्कं झालं की आपण जिवंत बाईला मारलंय.

बजबज स्टेशनबाहेर टोटो मिळतात, म्हणजे बॅटरीच्या रिक्षा. भाव आधी ठरवा. कोपऱ्यावर गरम कोचुऱ्या तळत होते, येताना खाऊ म्हटलं. पुढे तेलाच्या मोठाल्या टाक्या आणि मधूनच दिसणारी रुंद, मातकट नदी. छान असेल. माझं लक्ष नव्हतं.

"आई, तूच बोल. परक्यांपुढे माझी मराठी मोडते, ऐकून ते अजून चिडतील."

"चूक तुझी, तोंडही तुझंच. मोडकं तर मोडकं."

दार साठीच्या गृहस्थांनी उघडलं. या नाही, बसा नाही.

"काका, माझा चूक झाला," ऋचा म्हणाली. "कुसुम आणि आजी एकच आहे, मला माहीत नव्हता."

"नातवानं वाचून दाखवल्यापासून आई धड जेवली नाहीये. समजतंय का?"

आतून आवाज आला, "विनू, पोरींना आत घे. मेलेल्या बाईला भेटायला इतक्या लांब कोण येतं?"

पन्नाशीची मीही पोरगीच झाले.

आजी खाटेवर बसल्या होत्या. कुसुमचा फोटो उघडलेला ऋचाचा फोन त्यांनी दोन्ही हातांत धरला, लांब नेला, जवळ आणला. "कुसुम म्हणून हाक मारणारी शेवटची माझी थोरली बहीण. ती गेली, मग कोणी नाही. फार चुकीचं नाही लिहिलंस, पोरी."

"आई, भलतं बोलू नकोस," काका म्हणाले.

"तू गप्प बस. तूही मला फोटोवरून ओळखलंस. नाव ठाऊक होतं का?"

काका पंख्याकडे बघायला लागले.

"जेवण जाईना ते रागानं नाही रे. फार वर्षांनी कुणी ते नाव घेतलं." मग ऋचाकडे वळल्या. "पान ठेव. दोन्ही नावं घाल. पण मराठीत लिही. मी वाचून हो म्हटल्याशिवाय कुणाला दाखवायचं नाही."

परतीची गाडी धरायची म्हणून धावलो, कोचुऱ्या राहिल्या. ऋचाला चार ओळी धड मराठीत लिहिता येत नाहीत, म्हणजे लिहिणार कोण? मी! रविवारभर वेलांट्या चुकतील म्हणून घाम फुटला होता. लिहून काकांच्या फोनवर धाडलं, तर रात्रीपर्यंत आजींचं उत्तर नाही. सोमवारी सकाळी ऋचा बुटाची नाडी बांधत होती तेव्हा काकांच्या फोनवरून आजींचा आवाज आला, "चालेल. तेवढं 'हयात आहे' जरा मोठ्या अक्षरात घाल."

सरांना पान आवडलं म्हणे. माझ्या जिवाला मात्र नवाच घोर. त्या साइटवर अजून किती बायकांच्या नावाखाली 'पुढे पत्ता नाही' लिहिलंय! त्यातल्या कितीजणी इथेच कुठेतरी स्वयंपाकघरात, दुसऱ्या नावानं, चहा टाकत असतील?

ऋचानं आता साइटवर माहेरच्या नावाची जागा केलीय. नीट चालते का बघायला म्हणून पहिलं नाव मलाच भरायला लावलं. सुनीता लिहिताना 'सु' टाकलं की पुरे, पुढचं फोन आपणच भरतो. रत्नमाला मात्र एकेक अक्षर दाबून लिहावं लागलं.