चुलीशेजारचं दार

माझ्या यजमानांच्या शिडाच्या बोटीतून आम्ही दोघं रत्नागिरीहून लक्षद्वीपला निघालो, तेव्हा सोबतीला नाटे गावचा एक खलाशी घेतला. पन्नाशीचा गडी. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही.

हलत्या ओट्याला कंबर टेकून भात शिजवायला मी लवकर शिकले. तो मात्र सुकाणूवर बसून असे आणि मी दिसले की टोपी खाली ओढी. दुसऱ्या दिवशीही त्यानं ताट परत केलं. पाणीसुद्धा नको. शेवटी मी दरडावलं, "काय होतंय? बोला."

"वयनी, आमच्या बोटीवर सगळे बापये. मागच्या कडेला बसला की झाला. हय तुमी आसात."

"आत संडास आहे की!"

"चुलीक लागून? थंय जेवाण शिजता. कसा जाऊ?"

मला हसू आलं नाही. त्या दाराच्या लाजेनं मीही दोन दिवस नुसत्या पेजेवर काढले होते. तसं त्याला सांगताना कान तापले.

मग गॅस बंद करून भातावर झाकण ठेवलं. "आधी मी जाते. तुम्ही इथं मोठ्यानं आरती म्हणा, म्हणजे काही ऐकू येणार नाही."

"संडासाक आरती?"

"मग शिमग्यात ओरडतात त्या अचकट-विचकट फाका घाला!"

त्यानं घातल्या. नंतर तो आत गेला, तेव्हा सुकाणू धरून मी घातल्या. पुढे झोपलेले यजमान दचकून धावत आले. "काय झालं?"

मी पुढची फाक घातली. त्या दुपारी तो पोटभर जेवला, पण लक्षद्वीप येईपर्यंत आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.