चौघांची कापणी

शाळा मी तिसरीत सोडली, पण सावड म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. आज सगळे माझ्या शेतात, उद्या सगळे तुझ्या, ही सावड. मजुरी नाही. कापणीच्या तोंडाला घराघरातले कर्ते देवळापुढे बसून कुणाचं भात आधी पिकलं ते ठरवायचे. भांडणं व्हायची, चिलीम फिरायची. त्या बसण्याची सर पुढं कुठल्याच सभेला आली नाही.

बेचाळीस साली चळवळ पेटलेली. पाच माणसांनी जमायचं नाही, अशी दवंडी झाली होती. पण सावडीला जमणं कोण म्हणतं? आम्ही बसलो. जमादार शिपायांना घेऊन आला. कुणी बोलावलं, विचारू लागला. माझा बा उठला. "मी. दर साली मीच बोलावतो."

त्याला मुरबाडला नेलं. मी तेव्हा लग्नाच्या वयाचा. भाकरी बांधून चालत गेलो, जमादाराला गुन्हा विचारला.

"लढाईचा कायदा हाय," तो म्हणाला. "गुन्हा सांगावा लागत नाय."

कोर्ट नाही, वकील नाही. चुकलो म्हण, लगेच सोडतो, असं त्यांनी बाला सांगून पाहिलं. बा म्हणाला, काय चुकलं ते आधी सांगा. झालं, दोन्हीकडून अडलं.

इकडे भात पिकून वाकलं. आणखी थांबलो असतो तर दाणा झडून गेला असता, आणि माझ्या एकट्याच्या हातून कापणी होणारी नव्हती. शेजारची काकी म्हणाली, पाच नको ना, मग चौघं कापा. चौघं कापायचे, बाकीचे चौघं-चौघं करून लांब लांबच्या बांधांवर बसायचे. पाठ मोडली की बदली. एक शिपाई पहाऱ्याला ठेवलेला. काकी त्याला विचारी, "शिपाईदादा, म्हैस धरायची का रे मोजणीत?" बायका हसून खाली बसत. शेवटी तोही हसला. एवढी हसरी कापणी मी पुन्हा पाहिली नाही.

एका दुपारी बाला सोडलं. का धरलं ते सांगितलं नाही, का सोडलं तेही नाही. बा कचेरीच्या पायरीवरच बसला. गुन्हा कळल्याबिगर उठायचं नाही म्हणे. पुन्हा आत टाकतील म्हणून मी विनवण्या केल्या, त्याला काही वाटलं नाही. शेवटी म्हटलं, "बा, चल. भात खळ्यावर आलंय."

"कुणी कापलं?"

चौघाचौघांचं सगळं सांगितलं.  ऐकून तो धोतर झटकून उठला.

"मंग सगल्यांची सावड फेडाय हवी."

त्या हंगामात तो प्रत्येकाच्या शेतात राबला. गुन्हा मात्र त्याला मरेपर्यंत कुणी सांगितला नाही. माणूस धरून न्यायचा तर कारण सांगा, एवढंच तो मागत होता. राज्य बदललं, कायद्यांची नावं बदलली. मागणं माझंही तेच आहे, आणि मीही ते सोडणाऱ्यातला नाही.