मार्जिन नसलेला कोट

गल्लीत त्यांना मास्तर म्हणत. शाळेतले नव्हे, कपड्यांचे. तीस वर्षं एकाच मशीनवर, एकाच खिडकीशी बसून त्यांनी अख्ख्या वस्तीला कपडे घातले होते. त्यांच्या हातची खूण एकच. कपडा उलटा करायचा, शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच कापड दुमडून ठेवलेलं दिसलं की समजायचं, मास्तरांचं काम. त्याला ते मार्जिन म्हणत.

"अंग काय आपलं ऐकतंय होय?" ते गिऱ्हाइकाला सांगत. "आज बारीक आहात, उद्या फुगाल. तेव्हा या, उसवून देतो."

बाकीचे शिंपी अर्ध्या इंचावर भागवत. मास्तरांना ते चोरीसारखं वाटे.

बायको हातशिलाई करायची. काजं, बटणं, हुक, पँटच्या पायांची दुमड. लोक तिला काकू म्हणत. खाली दुकान, वर घर, मध्ये पाय ठेवला की कुरकुरणारा लोखंडी जिना. मुलगा गेल्या वर्षी नोकरीसाठी लांब गेला आणि टीव्हीखाली त्याचा गेमचा डबा तेवढा मागे राहिला.

"धूळ खातोय, बाबा. दुपारी चालू करून बघा की," तो फोनवर म्हणाला.

"आता या वयात मी हे चाळे करू?" मास्तर म्हणाले, आणि पंधरा दिवसांनी त्यांनी ते चाळे सुरू केले. एक ते चार दुकान बंद असायचं. बायको खालीच बसून राहिलेली काजं उरकायची. मास्तर "जरा पाठ टेकतो" म्हणून जिना चढायचे.

गेममध्ये बर्फाचा मुलुख होता. आपण वाट चुकलेला माणूस, आणि सोबतीला एक उंच बाई. हातात कंदील, अंगात गुडघ्याखाली येणारा गर्द हिरवा कोट. मास्तरांना डब्याची बटणं धड दाबता येईनात. ते दरीत पडत, लांडगे त्यांना फाडून खात, कधी कधी तर सपाट जमिनीवरच गोल गोल फिरत राहत. पण दर वेळी ती मागे वळून यायची, हात पुढे करून उठवायची आणि म्हणायची, अजून थोडंच राहिलंय. एकदासुद्धा वैतागली नाही. मास्तरांच्या चुकांवर न वैतागणारं माणूस मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

आणि तिचा कोट डाव्या खांद्यावर उसवलेला होता. चांगला चार बोटं. गेम बनवणाऱ्याने शोभेला म्हणून तसा काढला असेल, पण मास्तरांचा जीव तिथे अडकला. वाऱ्यात ती फट उघडायची, मिटायची. ती शेकोटीशी बसून बोटांवर फुंकर घालायची आणि मास्तर खाटेच्या कडेला पुढे सरकून बसायचे. हातात सुई असून काही करता येऊ नये, असं त्यांना पूर्वी कधी झालं नव्हतं.

एकदा मुलाने फोनवर विचारलं, "पुलापर्यंत पोचलात का? ती पुलावर जाते बरं का. मी पण रडलो होतो."

"जाते म्हणजे?"

"मरते, बाबा."

त्या दिवसापासून मास्तर पुढे गेलेच नाहीत. पूल दिसला की ते वळायचे. पाठीमागच्या त्याच टेकड्या, तीच तळी, तीच शेकोटी. ती निमूटपणे त्यांच्यासोबत फिरायची. महिने गेले. मुलाला तिकडे त्याच्या फोनवर दिसायचं, डबा किती वेळ चालू होता ते. "बाबा, पाचशे तास? पंधरा तासांत संपतो हो तो! आईला सांगू का?" तो हसत म्हणाला. मास्तरही हसले. पण फोन ठेवल्यावर त्यांचे कान तापले होते.

कोट शिवायचं त्यांच्या डोक्यात कधी आलं, ते त्यांना सांगता आलं नसतं. एके दुपारी ते गळ्यातली टेप काढून टीव्हीच्या काचेवर तिचा खांदा मोजत उभे होते, एवढं खरं. गेममधल्या झोपडीच्या दाराची चौकट केवढी, तिच्या मानाने बाई किती उंच, असा हिशोब त्यांनी सिगारेटच्या पाकिटावर मांडला. कापड कपाटातच होतं. गर्द हिरवं, लोकरीचं, हाताला जड. बायकोने तीन वर्षांपूर्वी चार दुकानं पालथी घालून स्वतःसाठी आणलेलं. तिने दर थंडीत विचारलं होतं, आणि दर थंडीत मास्तर म्हणाले होते, "शाळेच्या गणवेशांचं आटपू दे, मग बसतो निवांत."

आता ते निवांत बसले. पहाटे दूध आणायला ती बाहेर पडली की अर्धा तास. कात्री लावताना त्यांनी स्वतःला बजावलं, असंच दुसरं आणून देऊ. तसलं कापड आता येत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

कोट झाला. अस्तर तेवढं राहिलं होतं. त्यांनी तो कागदात गुंडाळून ट्रायलच्या पडद्यामागे, जुन्या शेरवान्यांच्या रांगेत टांगला.

शनिवारी सकाळी पोस्टातल्या बाई ड्रेसच्या ट्रायलला आल्या. जिभेला धार असलेली बाई. पडदा सारायला म्हणून बायको आत गेली आणि कागदाची सळसळ झाली. मास्तरांच्या हातातलं चाक थांबलं.

"अगंबाई!" बायको आतून म्हणाली. "हे माझं कापड!"

ती बाहेर आली तेव्हा कोट हातात होता आणि चेहरा असा, की मास्तरांनी खाली बघितलं. "बघा ना हो," ती पोस्टातल्या बाईंना म्हणाली, "मला कळूसुद्धा दिलं नाही. तीन वर्षं नुसतं आज-उद्या, आज-उद्या. आणि बघा!"

"घाल, घाल," बाई म्हणाल्या. "मास्तरांचं काम, नुसतं टांगून काय बघतेस?"

तिने घातला. बाह्या बोटांच्या खाली लोंबल्या. कॉलर मागून उचलली. पुढची दोन टोकं एकमेकांपासून वीतभर लांब थांबली. तिने पोट आत घेतलं, हसली, पुन्हा ओढलं. आरशात बघत तिने एकदा बाही दुमडून पाहिली, जणू दुमडल्याने होणार होतं.

"काय हो मास्तर?" पोस्टातल्या बाईंना हसू आवरेना. "अख्ख्या वस्तीचं बरोबर, आणि घरच्याच माणसाचं चुकलं?"

"माप... जरा चुकलं," मास्तर म्हणाले. तीस वर्षांत हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाले.

"पण बेतलाय काय सुरेख! मला असाच शिवून द्या. संध्याकाळी कापड घेऊन येते." बाई गेल्या.

बायकोने कोट उतरवला. टेबलावर पसरला. मग सवयीने उलटा केला आणि बगलेची शिवण बोटांत धरली. दुसरी बाजू बघितली. पाठ बघितली. शिवणीला लागून पाव इंचाची कड सोडली तर आत काही नव्हतं.

"मार्जिन कुठाय?" ती म्हणाली.

मास्तर टेप गुंडाळायला लागले.

"गणवेशाच्या चड्डीलासुद्धा सोडता. अहो, तुम्ही उशीच्या अभ्र्याला सोडता! जाड होणार नाही, बारीक होणार नाही, अशी कोण बाई आहे ही?"

मास्तरांना क्षणभर वाटलं, म्हणावं, आहे एक. बाजारापलीकडे राहते. बायको रडली असती, ओरडली असती, मुलाला फोन केला असता. गल्लीत अशी दोन-तीन प्रकरणं झालेली होती. चार महिने तोंडं फिरली, मग सगळं थंडावलं. त्या लाजेची लोकांना ओळख होती. या लाजेला काय नाव द्यायचं?

"वर चल," ते म्हणाले.

त्यांनी गेम लावला. बायको दाराशीच उभी राहिली, कोट हातावर टाकून. बर्फ आला, वारा आला, कंदील आला. ती बाई वळली आणि हात पुढे करून म्हणाली, अजून थोडंच राहिलंय.

बायकोने बराच वेळ बघितलं. मग कामातल्या आवाजात म्हणाली, "खांद्यावर उसवलंय."

"हं."

"म्हणून?"

"म्हणून."

"पण हिला आत देणार कसा होतात?"

"द्यायचा नव्हता गं. नुसता... शिवायचा होता." स्वतःच्या कानांनी ऐकलं तेव्हा त्यांना ते वेड्याच्या बोलण्यासारखं वाटलं.

"पुढे काय होतं हिचं?"

"मरते. पुलावर. म्हणून मी पुढे जात नाही."

ती खाटेवर टेकली. हसेल असं मास्तरांना वाटलं. हसली असती तर बरं झालं असतं.

"माझं माप सांगा," ती म्हणाली.

ते पाढा म्हटल्यासारखं म्हणाले, "खांदा चौदा, छाती छत्तीस, कंबर तीस."

"घ्या."

"तोंडपाठ आहे मला."

"घ्या म्हटलं ना."

मास्तरांनी टेप लावली. छाती चाळीस. त्यांना वाटलं, टेप पिळली असेल, पुन्हा लावली. चाळीस. कंबर छत्तीस. टेप धरलेली बोटं तिच्या पाठीवर तशीच राहिली.

"डॉक्टरीण थायरॉइड म्हणाली," बायको भिंतीकडे बघत बोलली. "गोळी चालू आहे. सांगितलं होतं तुम्हाला. 'हं' म्हणालात. माझ्या सगळ्या कपड्यांची मार्जिनं मी उसवून संपवली. तुमच्याच मशीनवर, तुम्ही वर पाठ टेकायला येता तेव्हा. आता आत उसवायला काही उरलं नाही."

टीव्हीवर ती बाई बोटांवर फुंकर घालत उभी होती. मास्तरांनी डबा बंद करायला हात लांबवला, पण कुठलं बटण ते त्यांना एकाएकी सापडेना. शेवटी बायकोनेच भिंतीवरचा स्विच दाबला आणि ती जिना उतरून गेली.

दुपारी दुकान उघडंच राहिलं. संध्याकाळी पोस्टातल्या बाई तपकिरी कापड घेऊन आल्या, सोबत त्यांची बहीण. बहिणीला गंमत बघायची होती.

"हेच ते मास्तर," बाई म्हणाल्या, "बायकोचं माप विसरलेले."

मास्तरांनी सुईत दोरा ओवायचं सोंग केलं.

"छे हो," बायको काजावरून मान वर न करता म्हणाली. "तो माझा नव्हताच. एका गिऱ्हाइकाचा होता. मीच घाईने अंगात घातला. यांचं माप नाही चुकत."

"हो का? आणि कापड तुझं म्हणालीस ते?"

"रंग सारखा दिसला म्हणून बोलले."

"बाई मोठी उंच दिसते ती."

"आहे खरी. लांब असते. इकडे येत नाही."

बहिणीचा हिरमोड झाला. मास्तरांना वाटलं, त्या क्षणी बायकोने त्यांना सगळ्यांसमोर फाडून खाल्लं असतं तर परवडलं असतं. तिने दोऱ्याची गाठ मारली, दाताने तोडली, आणि नेहमीसारखी मापाची वही पुढे ओढली. मास्तर माप घेणार, ती लिहिणार, अशी रीत होती त्यांची.

"या बाई, सरळ उभ्या राहा," मास्तर म्हणाले. त्यांनी टेप टाकली, आकडा बघितला की न बघितला कोण जाणे, आणि मोठ्याने म्हणाले, "छाती चाळीस, कंबर छत्तीस."

"चाळीस?" पोस्टातल्या बाई किंचाळल्याच. "मास्तर, डोळे तपासून घ्या! बत्तीसच्या वर कधी गेले नाही मी!"

बहीण खो-खो हसायला लागली. मास्तर टेप हातात घेऊन तसेच उभे. वहीवरचं पेन थांबलं होतं, एवढं त्यांना डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होतं. बायको हसतेय की काय करतेय, ते मान वर केल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि मान काही वर होईना.

"परत घ्या," बायको म्हणाली.