कोंडाण्याच्या वाटेवरची तहान

बुद्धपौर्णिमा आली की माझ्या घशाला कोरड पडते. कॉलेजात असताना अशाच रणरणत्या पौर्णिमेला मी आणि माझा मित्र वसंत कोंडाणे लेण्यांतला विहार पाहायला चालत निघालो होतो. वाटेतल्या वाडीत एका म्हातारीने माझं आडनाव ऐकून मला पाण्याचा तांब्या दिला आणि वसंतला विचारलं, "तू कोनाचा रं?"

"आमी बौद्ध."

"मंग वंजळ धर, वरनं घालते."

"ऱ्हाऊ दे आजी, तुमचा हात दुखंल," तो हसत म्हणाला. मी मात्र तांब्या रिकामा केला.

लेण्याजवळच्या कड्याखाली पाझर दिसला. तहानेला वसंत तिकडे उतरताना घसरला आणि जागीच गेला.

त्याच्या आईला मी सांगितलं, मस्ती करताना पडला. ती मरेपर्यंत लोकांना सांगत राहिली, "माजं पोर लई वांड हुतं."