क्रौंच निघाले ती सकाळ

आमच्या घरात पक्षी बघणारा माणूस माझा नवरा होता. मी नव्हे. नॉटिंगहॅमच्या बाहेर, नदीच्या काठाने, वाळू काढून झालेल्या खड्ड्यांची आता तळी झाली आहेत. हिवाळ्यातल्या शनिवारी तो तिथे दुर्बीण रोवून उभा राहायचा आणि मी गाडीत हीटर लावून पुस्तक वाचत बसायचे. मधूनच काचेवर टकटक व्हायची.

"ये ना. एकदाच बघ."

मी उतरायचे, दुर्बिणीला डोळा लावायचे, आणि मला माझ्याच पापण्या दिसायच्या.

"दिसलं?"

"दिसलं."

तो हसायचा, कारण त्याला ठाऊक असायचं. मग मी पुन्हा गाडीत. थर्मासमधला चहा, फॉइलमधलं थालीपीठ, पुढचं प्रकरण. आमचा संसार असा अगदी छान चालला होता, आणि त्यात काही बदलावं असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

त्याला एकाच ठिकाणी जायचं होतं. भूतानमधली फोबजिखाची दरी. तिबेटच्या पठारावरून काळ्या मानेचे क्रौंच हिवाळ्यापुरते तिथे उतरतात. दरीच्या कडेला एका टेकाडावर बौद्ध मठ आहे. पक्षी येताना आणि जाताना त्या मठाला प्रदक्षिणा घालतात, असं तिथले लोक मानतात. नवरा म्हणायचा, प्रदक्षिणा कसली, वर चढायला गरम हवा लागते आणि ती त्या टेकाडावर मिळते, इतकंच. पण हे सांगताना त्याचं बोट आपोआप हवेत गोल फिरायचं. रिटायर झालो की जाऊ, असं ठरलं होतं. तो रिटायर झाला, आजारी पडला, आणि गेला.

त्यानंतर मी फारशी कुठे गेले नाही. रोज बूट घालायचे, रस्त्याच्या टोकाच्या पोस्टबॉक्सपर्यंत जायचे, आणि परत फिरायचे. पुढे जाण्यासारखं काही आहे असं पायांना वाटत नसे. वाचनही थांबलं होतं. पुस्तक उघडं असायचं, एवढंच.

एके संध्याकाळी मी मुलीला फोन केला. ती एडिनबराच्या एका हॉस्पिटलात फिजिओ आहे. ऑपरेशन झालेल्या माणसांना पुन्हा चालायला लावणं हे तिचं काम.

"मी जाणार आहे," मी म्हटलं.

"कुठे? दुकानात?"

"भूतानला."

"आई, तू पोस्टबॉक्सच्या पुढे जात नाही! आणि बाबाच्या बर्ड्ससाठी हिमालय? तुला तर कबूतर आणि सीगलमधली फरक कळत नाही."

"फरक पुल्लिंगी आहे," मी म्हटलं.

"सी? माझं मराठी सुधारतेस, म्हणजे तू ठीक आहेस. मी येते."

मला ते पक्षी बघायचे होते. त्याच्या वतीने नाही. दुसऱ्याच्या वतीने बघता येत नाही, हे मी तळ्याकाठी पुरेसं शिकले होते. आयुष्यात एकदा, माझ्या डोळ्यांना, पापण्यांच्या पलीकडचं काहीतरी दिसायला हवं होतं. घरात बसून मला भीती वाटू लागली होती की यापुढे काहीच दिसणार नाही.

मुलीला रजा मिळेपर्यंत फेब्रुवारी संपत आला. म्हणजे क्रौंचांची परत जायची वेळ. दरीत पोहोचलो तेव्हा आमचा गाइड म्हणाला, पुष्कळसे गेले, एक मोठा थवा राहिला आहे. तो गुडघ्यापर्यंतचा झगा आणि त्याखाली लांब मोजे घालणारा, हसरा, पन्नाशीचा गृहस्थ होता. मला 'आमा' म्हणायचा. तिकडे आईला तेच म्हणतात.

"कधी जातात?" मी विचारलं.

"त्यांना वाटेल तेव्हा, आमा. तिबेटला जायला तुम्हाला परमिट लागतं, त्यांना नाही."

आम्ही एका शेतकऱ्याच्या घरी राहिलो. दरीत विजेचे खांब कुठे दिसेनात, पण घरात दिवे होते. पक्ष्यांचे पंख अडकू नयेत म्हणून इथे तारा जमिनीखालून नेल्या आहेत, असं गाइडने सांगितलं. मी पहिल्यांदाच त्या पक्ष्यांकडे आदराने बघू लागले. म्हणजे बघायला मिळते तर. पहिले दोन दिवस दरीत धुकं भरून होतं. धुक्यातून त्यांचा आवाज यायचा, लांब, घशातून खेचलेला, एकाने हाक द्यावी आणि दुसऱ्याने ती अर्ध्यात उचलावी तसा. दिसत काहीच नव्हतं. पापण्यांऐवजी धुकं, एवढाच फरक.

जेवायला हिरव्या मिरच्यांची भाजी असायची. तोंडी लावायला नव्हे, भाजीच मिरच्यांची, चीजमध्ये शिजवलेली. नॉटिंगहॅममध्ये वाढलेल्या माझ्या मुलीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मी दुसऱ्यांदा घेतली. घरच्या बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मुलीकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं.

"काय म्हणतात?" मुलीने गाइडला विचारलं.

"म्हणतात, ही खरंच तुझीच आई का?"

तिसरा दिवस आमचा शेवटचा. रात्री बर्फ पडून गेलं होतं आणि वरचं आकाश निळं होतं. खाली मात्र धुकं तसंच बसलेलं. गाइड धावत आला. थवा आज निघणार, असं ऊन पडलं की थांबत नाहीत. पण खालून बघण्यात अर्थ नाही, धुकं फाटेपर्यंत ते वर गेलेले असतील. मठापाशी, टेकाडावर जायला हवं. गाडी बर्फामुळे जाणार नव्हती. पायवाट होती.

"चढ आहे," मुलगी म्हणाली. "हवा पातळ आहे. तू वर्षभर सोफ्यावर बसलीये."

"ते मला माहीत आहे."

"हाफ वे जाऊ. दम लागला की परत. प्रॉमिस?"

मी प्रॉमिस केलं. आणि दम फार लवकर लागला. बर्फावर पाय रोवत चढायचं, श्वास घ्यायचा तर छाती अर्धीच भरायची. पाइनच्या झाडांत एक छोटा पांढरा स्तूप लागला तेव्हा मी वाकून उभी होते. वर मठाचं सोनेरी छप्पर झाडांतून दिसत होतं, आणि ते मघाइतकंच लांब होतं.

"बस," मुलगी म्हणाली. ती रागावली नव्हती, घाबरली होती. "आई, इनफ. खाली जाऊ."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर तेव्हा मी हरले होते. म्हटलं, निदान या स्तूपाला प्रदक्षिणा घालते आणि उतरते.

उजवा हात स्तूपाकडे ठेवून मी निघाले. मागच्या बाजूला गेले तर स्तूपाच्या पायथ्याखालून पाण्याचा पाट वाटेवर आडवा वाहत होता. पाण्यावर एक प्रार्थनाचक्र आपलं आपण फिरत होतं. माझे पाय थांबले. विचार केलाच नाही. लहानपणापासून शंकराच्या देवळात शिकवलेलं, पिंडीचं पाणी वाहतं ती पन्हळ ओलांडायची नाही, तिथून उलटं फिरायचं. मी उलटी फिरले.

समोरून एक म्हातारी येत होती. हातात माळ, पाठीवर बोचकं. मला उलट्या दिशेने येताना बघून ती जी ओरडली, ती झाडांवरचं बर्फ पडेल अशी. गाइड तिकडून हसायला लागला.

"आई, राँग वे!" मुलगीही ओरडली.

"अहो, पाणी ओलांडायचं नसतं!" मी त्या बाईंना चक्क मराठीत सांगितलं.

त्यांनी त्यांच्या भाषेत मला बरंच काही ऐकवलं. मग माझा कोपर धरला, वाट चुकलेल्या शेळीला फिरवावं तसं मला फिरवलं, आणि ओढत पाटाच्या पलीकडे नेलं. पाणी बुटाखाली गेलं. काही झालं नाही.

"काय म्हणाल्या?" मी गाइडला विचारलं.

"म्हणाल्या, अर्ध्यातून परतायला घरी काय चूल पेटती ठेवून आलीये ही?"

मला हसू फुटलं. इतकं की पुन्हा दम लागला. म्हातारीने फेरी पुरी करून घेतली, माझा कोपर तसाच धरून. एक पाऊल, एक मणी, ओठांत मंत्र. पाऊल इतकं छोटं की मला वाटलं आम्ही जागेवरच आहोत. पण फेरी झाली आणि माझा श्वास जागेवर होता. मग ती मठाच्या वाटेला लागली, आणि मी तिच्याबरोबर.

"आई! प्रॉमिस!"

"ते मोडलं," मी वळून म्हटलं.

मुलगी मागून आली. थोड्या वेळाने मला तिचं पुटपुटणं ऐकू आलं, "धिस इज लिटरली व्हॉट आय टेल माय पेशंट्स. छोटे स्टेप्स. माझं कोण ऐकतो?"

वाटेत एका उंचवट्यावर उंच काठ्यांना लावलेल्या पांढऱ्या पताका होत्या, दाटीने. गेलेल्या माणसांसाठी लावतात, गाइड म्हणाला. मी त्यांच्याकडे बघितलं, पण थांबले नाही. थांबायचं मला पुष्कळ झालं होतं.

मठाच्या अंगणात आम्ही पोहोचलो तेव्हा खाली दरी नव्हतीच. पांढरं धुकं काठोकाठ भरलेलं, आणि त्यावर ऊन. म्हातारीने माझा कोपर सोडला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, नाक उडवलं, आणि आत निघून गेली. मुलगी दुर्बिणीची पिशवी उघडू लागली.

"राहू दे," मी म्हटलं, कारण धुकं हलत होतं.

आधी आवाज आला. मग धुक्यातून एक मान वर आली, काळी, लांब. मग दुसरी. मग ते सगळे एकदमच उन्हात आले. राखट पांढरे, प्रचंड, काळ्या माना पुढे ताणलेल्या, पंखांची टोकं बोटांसारखी फाकलेली. पंख न हलवता ते गोल गोल वर चढू लागले. आमच्या पातळीला आले. डोक्यावरचा लाल ठिपका मला दिसला. मला! साध्या डोळ्यांनी! मठाच्या छपरावरून ते फिरले तेव्हा पंखांची सळसळ ऐकू आली, आणि त्यांच्या सावल्या अंगणातल्या फरशीवरून, माझ्या अंगावरून सरकत गेल्या.

मी हळू बोलणारी बाई आहे. लायब्ररीत नोकरी केली, आवाज चढवायची सवयच नाही. त्या अंगणात मी ओरडत होते. "दिसले! अगं, दिसले! ते बघ! वर बघ!" मुलीचा दंड मी इतका जोरात धरला होता की नंतर वळ उठले. तीही ओरडत होती, इंग्रजीत, आणि रडत होती, आणि या वेळी मिरच्यांमुळे नव्हे.

थवा आणखी वर गेला, लांबट झाला, उत्तरेकडच्या बर्फाच्या डोंगरांकडे वळला. मी मान मागे टाकून बघत राहिले. ठिपके झाले, तरी दिसत होते.

"किती वेळा फिरले?" मुलीने विचारलं. "तीन? तू काउंट केलंस?"

"दोनदा," गाइड म्हणाला. "पण आपण तीन सांगतो."

मी मोजलं नव्हतं. त्या दोघांचा वाद सुरू झाला, गरम हवा की प्रदक्षिणा, आणि मुलगी हुबेहूब बापासारखी बोलू लागली. मी तिकडे लक्ष दिलं नाही. शेवटचा ठिपका अजून डोंगराच्या कडेवर होता, आणि तो पलीकडे जाईपर्यंत मला बघायचं होतं.