तायडेबाईंचं कुंपण

तायडेबाई आमच्या वनखात्याच्या साहेबांच्या टेबलासमोर उभ्या होत्या आणि साहेबांशीच भांडून मिळवलेलं कुंपण काढून टाका, असं सांगत होत्या. मी बाजूला उभा. रेंजरने साहेबांच्या तोंडाकडे पाहायचं आणि आपलं तोंड मिटून ठेवायचं, हे मला तोवर पाठ झालं होतं.

महाराष्ट्र राज्य नवं नवं झालेलं. माझं पोस्टिंग परतवाड्याला. बाई अमरावतीच्या कॉलेजात बॉटनी शिकवायच्या. सुट्टी मिळाली की एसटीने यायच्या आणि माझ्याबरोबर मेळघाट तुडवायच्या. सगळा जीव एका फुलावर. पांढरी आमरी, म्हणजे जमिनीतून उगवणारं ऑर्किड. विरळ सागाखाली, एका नाल्याच्या काठाला तेवढी होती. आमच्या रेंजमध्ये दुसरीकडे मला ती कधी दिसली नाही. पावसाळ्यात वर येते, दिवाळीनंतर बी सांडून वाळते, आणि उन्हाळाभर जमिनीखाली कंद होऊन पडून राहते.

साहेब पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "कुंड्यांत लावा आणि न्या कॉलेजात."

"साहेब, हिचं बी धुळीएवढं. त्याच्याजवळ स्वतःची शिदोरी नसते. मातीतली एक बुरशी त्याला भरवते, तेव्हा ते रुजतं. ती माती इथली आहे."

आमरीची झाडं कमी होत होती. गुरं तुडवतात म्हणून, असं बाईंचं म्हणणं. त्यांनी असा पिच्छा पुरवला की साहेबांनी वरच्यांशी वाद घालून मंजुरी आणली. काटेरी तार लागली. सोनाजी गवळ्याच्या म्हशींची ती जुनी चराई. तो भडकला.

"तुमच्या फुलापायी माह्या म्हशी उपाशी मारता काय, बाई?"

बाईंनी त्याला चहा पाजला. तार हलू दिली नाही.

पहिल्या पावसाळ्यात फुलं झकास आली. बाईंनी ऑफिसात पेढे वाटले. पुढच्या पावसाळ्यात गेलो, तर कुंपणाच्या आत गवत छातीला लागत होतं. बाई ओणव्या होऊन शोधत राहिल्या. जुनी झाडं फुलली होती, पण पिल्लं नव्हती. एका पानाच्या नव्या रोपाला त्या पिल्लू म्हणायच्या.

"म्हाताऱ्यांचं गाव झालं हे," त्या म्हणाल्या.

तारेबाहेर, म्हशी चरलेल्या पट्ट्यात, मात्र पिल्लं सापडली. बाई तिथेच मांडी घालून बसल्या. त्यांची भाषा एरवी पुस्तकी, पण तेव्हा घरची बोली आली.

"बी वाळल्या गवतावरच अटकून राहते. मातीत जातच नाही. म्हशी गवत खात होत्या म्हनून माती उघडी होती. मीच मारून राहिली हिले."

मी म्हणालो, "बाई, इतक्यात बोलू नका. एक वर्ष पाहू." साहेब चिडले आणि बाईंची जंगलात यायची परवानगी गेली, तर त्यांचं सगळं काम बुडणार होतं.

"आणि या वर्षीचं बी कुठं पडन?" त्यांनी विचारलं.

म्हणून त्या साहेबांसमोर उभ्या होत्या.

"मी वरच्यांना आता काय लिहू?" साहेबांनी विचारलं.

"बाई चुकली, असं लिहा. पावसाळ्यात गुरं बंद ठेवा. बी सांडलं की सोडा."

"पुढच्या खेपेला तुमचं कोणी ऐकणार नाही."

"नका ऐकू. फूल राहील."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग बाईंनी सांगितलं तसंच लिहिलं, आणि खाली स्वतःचीही चूक जोडली. परवानगीला हात लावला नाही. मला त्या दोघांचा अभिमान वाटला, आणि माझ्या सल्ल्याची लाजही.

सोनाजीला निरोप द्यायला मीच गेलो. तो म्हणाला, "म्हंजे माह्या म्हशी सरकारी नोकरीले लागल्या म्हना."

दोन पावसाळ्यांनी कुंपणाच्या जागी पिल्लं दिसू लागली. बाईंनी पुन्हा पेढे आणले, या वेळी सोनाजीसाठी.

नोकरीत मी पुष्कळ कुंपणं घातली. आपलं कुंपण काढा म्हणून स्वतःच्या पायांनी सांगायला आलेलं माणूस मात्र एकच पाहिलं.