सिस्टरच्या खोलीतली अंडी

मला ओळखणारे सांगतील, या बाईच्या पोटात काही राहत नाही. खरंच आहे. हळदीकुंकवाला गेले की वाण राहतं बाजूला, आधी 'कुमुदताई, एक किस्सा होऊन जाऊ दे!' आणि मी पदर खोचून सुरू. नवऱ्याचं घोरणं, सासूबाईंचं सोवळं, माझं स्वतःचं वजन — सगळ्यांचे किस्से करून झाले. ही एक गोष्ट मात्र मी कधी काढली नाही. नवऱ्याजवळही नाही. आज तुमच्याजवळ का काढतेय? माहीत नाही.

सुरुवात गमतीचीच आहे. घरोघरी रंगीत टीव्ही येत होते तेव्हाची. घाटकोपरला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो, आणि मी होते अठ्ठ्याहत्तर किलोंची. महिला मंडळाच्या नाटकात दर वर्षी मला आत्याबाईंचं काम. त्या वर्षी ठरवलं — बास. यंदा नायिका! मग काय, सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी आणि वाटीभर वरण, रात्री वाफवलेला कोबी. तीन आठवड्यांत सहा किलो गेले. केसही गेले, मुठी-मुठीने. आणि एका दुपारी जिन्यात मीच गेले — डोळ्यांपुढे अंधार, भाजीची पिशवी हातातून सुटली, टोमॅटो थेट तळमजल्यापर्यंत.

मला उचललं समोरच्या खोलीतल्या सरोजने. ती नर्स होती, म्हणून अख्खी बिल्डिंग तिला सिस्टर म्हणायची. अकोल्याकडची. सोबत म्हातारी आई, गुडघ्यांनी पार अधू. तिने मला तिच्या कॉटवर निजवलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि म्हणाली, "काय खाता हो ताई?"

मी अभिमानाने यादी सांगितली.

"वाट लावाल स्वतःची. ही चरबी नाही जात आहे, अंगातलं मांस झडतंय. केस उगाच गळतात का? प्रोटीन कुठाय पोटात?"

"डाळ खाते की मी!"

"वाटीभर वरणात डाळ किती? चार चमचे. बाकी पाणी आणि गूळ." मग आवाज खाली आणून, "अंडं चालतं?"

चालतं? कॉलेजात चोरून खाल्लेल्या ऑम्लेटची चव अजून जिभेवर होती! पण घरात सासूबाई. आणि बिल्डिंगचे मालक — त्यांना आम्ही शेठ म्हणायचो — त्यांची एकच अट होती, घरात अंडं-मांस शिजता कामा नये. त्यांचा धर्म ते पाळत होते, त्यांना मी दोष देत नाही. उलट, सरोजला खोली दिली ती त्यांनीच. त्याआधी ती जिथे जाई तिथे लोक आडनाव विचारत आणि 'कळवतो' म्हणत. इथून हॉस्पिटल चालत दहा मिनिटांवर. दुपारच्या सुट्टीत येऊन आईला जेवायला वाढून जाता यायचं. त्या खोलीवर त्या दोघींचं सगळं उभं होतं.

हे मला तेव्हाही माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

मी म्हटलं, "तू उकडून दे ना गं."

"नाही ताई. मी शेठना शब्द दिलाय. मी स्वतः खाते ते हॉस्पिटलच्या कॅन्टीनला."

मग मी नाटक केलं. आयुष्यभर करत आले तेच. तिचा हात धरला, डोळ्यांत पाणी आणलं — माझे केस बघ, माझी अवस्था बघ, कुणाला कळणार आहे? ती हसली. हो म्हणाली.

त्यानंतर ती सुट्टीत घरी असे त्या वेळेला मी पापड द्यायला, वाटी परत करायला, काही ना काही निमित्ताने तिच्याकडे. दार बंद, रेडिओ मोठा, दोन उदबत्त्या. वातीच्या स्टोव्हवर छोट्या पातेल्यात दोन अंडी. ती पिवळं काढून ठेवायची, मी तिची पाठ वळली की तेही खायचे. म्हातारी कॉटवरून बघून खुदुखुदु हसायची, म्हणायची, "खाऊ दे व तिला, पोरीसारखी खाते." टरफलं मी पावडरच्या रिकाम्या डब्यात घालून पर्समधून स्टेशनकडे नेऊन टाकायचे. काय मजा वाटायची त्याची! वजन उतरत होतं, जिना चढताना दम लागत नव्हता, केस थांबले होते. चार महिने.

एक दिवस तालमीला उशीर होत होता. डबा घरी राहिला होता. मी टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळली आणि खालच्या कचऱ्याच्या पिंपात टाकली. मी टाकली. सरोज ओरडली होती मागून, "ताई, खालच्या पिंपात नको हं!" मी हात हलवला आणि पळाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेठनी सगळ्यांना त्यांच्या दिवाणखान्यात बोलावलं. मधोमध तो कागद, उलगडलेला. मराठी पेपर. बिल्डिंगमध्ये मराठी घरं दोनच — आमचं आणि तिचं.

सरोज आईला धरून आली होती. ती एकटी आली असती तरी चाललं असतं, पण आईलाही ऐकायचं होतं, काय झालंय ते. शेठ रागावलेले नव्हते. त्यांनी शांतपणे मलाच विचारलं, "कुमुदबेन, तुम्ही समोर राहता. तुम्हाला काय ठाऊक आहे?"

मी गप्प बसू शकले असते. 'मला काय माहीत' म्हणू शकले असते. तेवढा भित्रेपणा पुरला असता ना? पण सगळे माझ्याकडे बघत होते — आणि सगळे माझ्याकडे बघू लागले की मला काय होतं, सांगितलंच आहे. मी पदर नाकाला लावला. डोळे मोठे केले. "अहो शेठ, रोज दुपारी इतक्या उदबत्त्या! मला वाटलं, सिस्टर फारच देवभक्त झाल्या. मग नाक म्हणालं, बाई गं, हा प्रसाद काही वेगळाच आहे!"

लोक हसले. माझ्या सासूबाईसुद्धा हसल्या.

सरोजने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हातारीने पाहिलं — आधी माझ्याकडे, मग लेकीकडे, काहीच न कळल्यासारखं. "अगं, पण ते तर..." एवढंच ती बोलली. सरोजने तिच्या खांद्यावर हात दाबला.

पंधरा दिवसांत खोली सोडायची ठरली.

कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होते — ती मोठ्या मनाची, म्हणून माझं नाव घेतलं नाही. किती सोयीचं, नाही का? तिने नाव घेतलं असतं तर त्या दिवाणखान्यात कुणी विश्वास ठेवला असता? तिचं आडनाव कुठलं, माझं कुठलं. हे तिला कळत होतं. मलाही कळत होतं — त्या क्षणी, पदर नाकाला लावतानाही. तेवढ्या भरवशावर तर मी बोलले.

त्या वर्षी मी नायिका झाले. टाळ्याही पडल्या.

त्या दोघी मानखुर्दला गेल्या. तिथून दुपारी घरी येणं शक्यच नव्हतं. आईच्या जेवणाचं काय केलं, मी विचारलं नाही. टेम्पोत सामान चढलं तशी सरोज वर आली आणि आमचं दार वाजवलं. मला वाटलं, आता बोलेल. तिने आत, सासूबाईंच्या खोलीकडे नजर टाकली आणि आवाज अगदी बारीक केला. "ताई, आता अंडी बंद होतील तुमची. म्हणून काकडीवर राहू नका पुन्हा. मटकी भिजवा, चवळी घ्या, वरण घट्ट करा, शेंगदाणे मूठभर..."

जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली. शेठाणी वर येत होत्या.

सरोज अजून बोलत होती. मी दार लावून घेतलं.